‘तू मला चार वर्षं आजारी ठेवलंस’

पत्र

ताई,

चार वर्षांपूर्वी माझ्या बायकोच्या गाडीला अपघात झाला. गाडी तीच चालवत होती. शेजारी बसलेली तिची मोठी बहीण जागीच गेली. हिला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. तेव्हापासून तिनं स्टिअरिंगला हात लावलेला नाही. सगळं मी अंगावर घेतलं. तिला सोडणं-आणणं, तिच्या माहेरचे फोन घेणं, त्या रस्त्यानं चुकूनही न जाणं, अपघाताची बातमी लागली की चॅनल बदलणं. मुलगा नऊ वर्षांचा आहे. आईसमोर मावशीचा विषय काढायचा नाही, असं त्याला सांगून ठेवलंय.

अडीच महिन्यांपूर्वी तिची थेरपी सुरू झाली. पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार आहे म्हणाले. मला वाटलं, आता सुटलो. झालं भलतंच. ती रोज दार लावून, कानात इअरफोन घालून मोबाइलवर काहीतरी ऐकते आणि रडते. सेशनच्या दिवशी दुसऱ्या खोलीत झोपते. थेरपिस्टना फोन केला, तर त्या म्हणाल्या, ‘मला काही सांगता येणार नाही.’ ‘तुझी काही चूक नव्हती’ हे मी तिला हजारदा सांगितलंय, पण आता ते ऐकूनही ती चिडते. परवा खाली उभ्या असलेल्या बंद गाडीत एकटीच बसायला निघाली. मी म्हटलं, थांब, मी येतो. तर अंगावरच आली. ‘तू मला चार वर्षं आजारी ठेवलंस,’ म्हणाली.

मी रात्री फोन वाजला की अजून दचकून उठतो, आणि मी तिला आजारी ठेवलं! परक्या बाईला सगळं सांगते, मला काही नाही. ही थेरपी बंद करायला सांगू का? आणि ती बरी झाली, तर आमच्यात मग उरेल काय?

नावापुरता नवरा

उत्तर

नमस्कार,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, म्हणून आधी देते. नाही, बंद करायला सांगू नका. दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल.

त्या बंद दाराआड काय चालतं, याचा तुमच्या पत्रावरून बराचसा अंदाज येतो. रोजचं ऐकणं, बंद गाडीत जाऊन बसणं, हे सगळं ‘प्रोलाँग्ड एक्स्पोजर’ या उपचारपद्धतीशी जुळतं. एडना फोआ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ती विकसित केली. साधारण ८ ते १५ सेशन असतात, बहुतेक वेळा दीड-दीड तासाची. त्यात माणूस डोळे मिटून, आत्ता घडतंय अशा भाषेत, तो प्रसंग पुन्हा पुन्हा सांगतो. ते सांगणं रेकॉर्ड करतात आणि घरी ते रोज ऐकायचं, हा गृहपाठ असतो. म्हणजे ती इअरफोनमधून ऐकते तो बहुधा तिचा स्वतःचाच आवाज असावा, बहीण गेली तो प्रसंग सांगणारा. काही सेशन झाली की त्यातल्या सगळ्यात जड क्षणांवर थांबतात आणि तेवढेच क्षण परत परत सांगायला लावतात. अडीच महिने म्हणजे ती याच टप्प्यात असेल किंवा त्यातून नुकती बाहेर पडत असेल. त्या दिवशी रात्री ती वेगळी झोपते, यात मला तरी नवल वाटत नाही.

या काळात काहींचा त्रास आधीपेक्षा वाढतो. सगळ्यांचा वाढतोच असं नाही. पण ज्यांचा वाढतो त्यांनाही शेवटी इतरांइतकाच फायदा होतो, असं अभ्यासांत दिसलंय. त्यामुळे ‘थेरपीनं बिघडवलं’ असा निकाल इतक्यात देऊ नका. थेरपी मध्येच सोडली, तर जखम उघडल्याचा त्रास तेवढा पदरात पडतो आणि फायदा हातून जातो.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र थांबू नका. ती मरणाच्या गोष्टी बोलू लागली, दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढल्या, दिवसचे दिवस झोप-जेवण सुटलं, किंवा तासन्‌तास हाक मारूनही ती भानावर येत नसेल, तर त्याच दिवशी थेरपिस्टना कळवा. स्वतःला इजा करून घेण्याचा धोका वाटला, तर तिला एकटं सोडू नका आणि थेट दवाखान्यात न्या. थेरपिस्ट तुम्हाला काही सांगू शकत नाहीत, हे बरोबरच आहे. ती गुप्तता नसती, तर तुमची बायको तिथं तोंडच उघडू शकली नसती. पण तुम्ही जे पाहताय ते त्यांच्या कानावर घालायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. फक्त तुम्ही फोन केलात हे त्या तिला सांगतील असं धरून चाला. त्याहून बरं म्हणजे तुम्हीच तिला आधी सांगा.

आता तिच्या त्या वाक्याकडे येते. ते तुमच्यावर अन्याय करणारं आहे, आणि त्यात तथ्यही आहे.

भीती टळली की माणसाला तेवढ्यापुरतं हायसं वाटतं. गोम त्या हायसं वाटण्यातच आहे. रस्ता टाळला, बरं वाटलं, म्हणजे रस्ता खरंच धोक्याचा होता, असा धडा मन घेतं आणि पुढच्या वेळी भीती आणखी घट्ट होते. ‘या रस्त्यानं गेलो आणि काहीच झालं नाही’ हा अनुभव घेण्याची संधीच त्या माणसाला मिळत नाही. हे टाळणं पीटीएसडीचं एक मुख्य लक्षण आहे, आणि तेच आजार टिकवून धरतं. तुमच्या घरात फरक इतकाच, की टाळायचं तिला होतं आणि टाळण्याचं काम तुम्ही करत होता. रिमोट तुमच्या हातात होता. माहेरचे फोन तुम्ही घेत होता. तिला भीतीची वेळच येणार नाही याची तुम्ही चार वर्षं काळजी घेतलीत, आणि त्यामुळे भीती ओसरण्याचीही वेळ आली नाही.

हे तुम्ही एकटेच करता असं समजू नका. पीटीएसडी असलेल्या माणसाचा जोडीदार घरात कायकाय जुळवून घेतो, हे मोजण्यासाठी स्टेफनी फ्रेडमन आणि कँडिस मॉन्सन या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर एक प्रश्नावलीच तयार केली आहे. एखादी गोष्ट इतक्या घरांत घडत असेल, तेव्हाच कुणीतरी तिचं मोजमाप करायला बसतं.

तुम्ही तेव्हा दुसरं काय करणार होता, हाही प्रश्न आहेच. अपघातानंतरचे पहिले महिने तुम्ही तिला आधार दिलात, तो वाया गेलेला नाही. ख्रिस ब्रूइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली आधीचे कितीतरी अभ्यास एकत्र करून पाहिले. आघातानंतर आधार न मिळणं ही पीटीएसडीचा धोका वाढवणाऱ्या ठळक गोष्टींपैकी एक निघाली. म्हणजे तुमचं सोबत असणं उपयोगाचं होतं. अडचण झाली ती तिच्या वतीनं टाळत राहण्याची, आणि तुमच्या घरात या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या मिसळल्या होत्या की वेगळ्या दिसणं कठीण होतं. तिला आत्ता त्या वेगळ्या दिसायला लागल्यात. नवीन कळलेली गोष्ट माणूस आधी सगळ्यात जवळच्या माणसाच्या डोक्यावर आपटतो. तिनंही तेच केलं.

गाडीचा प्रसंग मला तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. या उपचारात भीतीच्या जागांची एक यादी करतात आणि प्रत्येक जागेला ० ते १०० मध्ये आकडा देतात. बंद गाडीत बसणं समजा ४०, शेजारी कुणी बसलेलं असताना गाडी चालवणं ९०, तो रस्ता १००. खालच्या आकड्यापासून सुरुवात करून एकेका जागी मुद्दाम जायचं आणि भीती बरीच उतरेपर्यंत तिथंच थांबायचं. आता तुम्ही म्हणालात, ‘मी येतो.’ तुम्ही शेजारी असलात की भीती उतरते, पण मग ती कशामुळे उतरली? गाडीत काही धोका नाही हे कळल्यामुळे, की तुम्ही होता म्हणून? मनानं दुसरं उत्तर पकडलं तर सगळा खटाटोप फुकट. त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती मी अंदाजानं लिहिते. त्या गाडीत शेजारची सीट ही बहिणीची जागा आहे. तिथं तुम्ही जाऊन बसणं तिला त्या क्षणी कसं वाटलं असेल, याचा विचार करा.

तेव्हा पुढच्या वेळी ती खाली निघाली की तिला जाऊ द्या. खिडकीत उभं राहू नका, दहा मिनिटांनी फोन करू नका. वर आली की ‘बरी आहेस ना?’ असं विचारू नका, कारण त्याला ती ‘हो’ म्हणेल आणि विषय संपेल. ‘आज किती होतं?’ असं विचारा. ती आकडा सांगेल, ‘साठ होतं, तीसवर आलं.’ या आकड्यांवर तुम्ही दोघं बोलू शकता. रडारड न होता त्या अपघाताबद्दल बोलण्याची ही कदाचित तुमची पहिलीच वेळ असेल.

बाकीची कामंही तिच्याकडे परत जायला हवीत, पण हे वाचून उद्या सकाळी सगळं एकदम टाकून देऊ नका. ‘आजारी ठेवलं म्हणतेस ना, मग घे आता,’ हा राग झाला, त्याला उपचार म्हणत नाहीत. कुठलं काम आधी परत घ्यायचं हे तिला ठरवू दे. बहुधा माहेरचे फोन सगळ्यात शेवटी येतील. त्या फोनवर तिची आई आहे, आणि त्या आईची मुलगी गेलीय. तिथं घाई करू नका.

आता ‘परकी बाई’.

तिनं तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही परके नाही. थेरपिस्टसमोर बोलताना तिला समोरच्याचा चेहरा सांभाळावा लागत नाही. ती रडली तर त्या बाईंची रात्रीची झोप उडणार नाही, निदान तिला तसं वाटत नाही. तुमच्यासमोर मात्र ती अर्धं वाक्य बोलली की तुमचा चेहरा उतरतो, आणि मग तुम्ही म्हणता, ‘तुझी काही चूक नव्हती.’ हे वाक्य प्रेमाचं आहे, पण त्यानं बोलणं तिथंच थांबतं. अपराधीपणा घेऊन बसलेल्या माणसाला निकाल ऐकून सुटका मिळत नाही, कितीही वेळा ऐकवला तरी. उलट तिला वाटतं, याला सगळं माहीतच नाही, माहीत असतं तर असं म्हणाला नसता. म्हणून चांगले थेरपिस्ट सहसा तिला निर्दोष ठरवायला जात नाहीत. ते प्रश्न विचारतात. त्या क्षणी तुला काय दिसत होतं? हातात किती वेळ होता? आज जे माहीत आहे, ते तेव्हा माहीत होतं का? उत्तरं तिची तिला सापडावी लागतात, आणि कधीकधी ती पूर्ण निर्दोष अशी येतही नाहीत. ‘मी जरा वेगात होते’ असंही एखादं उत्तर निघू शकतं. ते ऐकायची तुमची तयारी आहे का, हे स्वतःला विचारून ठेवा.

तिनं तुम्हाला सगळे तपशील सांगायलाच हवेत, असंही नाही. नातं पुन्हा जवळ यायला अपघाताचा सेकंद-सेकंद हिशेब लागत नाही. आतून कसं होतं, कशाची लाज वाटते, बहिणीची आठवण कधी येते, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. ती बोलू लागली तर उपाय सुचवू नका. ‘यातलं सगळ्यात जड काय वाटतं?’ एवढाच प्रश्न पुरे. आणि मग गप्प बसा. चार वर्षं धावपळ केलेल्या माणसाला हेच सगळ्यात अवघड जातं.

वेगळ्या खोलीत झोपण्याबद्दल थोडक्यात. सेशनच्या दिवसापुरतं ते असेल तर त्याचा अर्थ लावत बसू नका. पण ते न बोलता होऊ नये. कुठले दिवस, कधीपर्यंत, हे दोघांनी ठरवा. वाईट स्वप्नानं ती किंचाळून उठली, तर एकदम पकडू किंवा हलवू नका. जरा लांबून दिवा लावा, नावानं हाक मारा, ती घरात आहे हे सांगा. जवळीक कमी झाली असेल आणि ती सर्ट्रालिन किंवा पॅरोक्सेटिनसारखं औषध घेत असेल, तर लैंगिक इच्छा कमी होणं हा या औषधांचा सर्वश्रुत दुष्परिणाम आहे. तो विषय डॉक्टरांकडे काढायचा असतो. मनानं औषध बंद करायचं नाही.

तिचा राग येत राहील. पीटीएसडीत भावना बधिर होतात, आणि नात्याला सगळ्यात जास्त पोखरतं ते हे बधिरपणच. भांडणंसुद्धा एवढं पोखरत नाहीत. तुमच्या घरात चार वर्षं शांतता होती असं तुम्हाला वाटत असेल, पण त्यात किती शांतता होती आणि किती बधिरपण होतं, हे बघायला हवं. बधिरपण उतरताना आधी राग येतो, मग दुःख, आणि माया बरीच मागून. निदान माझ्या पाहण्यात हाच क्रम जास्त येतो. पण आजार आहे म्हणून काहीही चालेल, असं मी म्हणणार नाही. अपमान, वस्तू फेकणं, मुलासमोर ओरडणं, हे थांबायलाच हवं. ‘आत्ता मी वीस मिनिटं बाहेर जाऊन येतो, मग बोलू’ असं तुम्ही म्हणू शकता, फक्त वीस मिनिटांनी खरंच परत या.

मुलाला घातलेली बंदी मात्र आजच उठवा. यासाठी थेरपिस्टची परवानगी लागत नाही, बायकोशी एकदा बोललात की झालं. पोराची मावशी गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. घरात ज्याबद्दल कुणी बोलत नाही, त्याची गोष्ट मुलं स्वतःच रचतात, आणि त्या गोष्टीत बऱ्याचदा दोष स्वतःकडे घेतात. त्याला एवढंच सांगा, की आईला मावशीची आठवण येते, म्हणून ती रडते, ती त्यासाठी उपचार घेतेय, आणि मावशीबद्दल विचारलं तर कुणी रागावणार नाही.

आता तुमच्याबद्दल. अख्ख्या पत्रात स्वतःविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, तेही रागात: रात्री फोन वाजला की दचकून उठतो. अपघाताचा फोन तुम्हालाच आला होता का? जवळच्या माणसावर अचानक, भीषण अपघाताचा प्रसंग ओढवला आणि ते नुसतं कळलं, तरी त्यातून पीटीएसडी होऊ शकतो. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या २०१३ च्या निदान-निकषांत हे स्पष्ट लिहिलंय. तुम्हाला तो आहे असं मी म्हणत नाही, पत्रावरून निदान करता येत नाही. पण झोप, दचकणं, चिडचिड, त्या दिवसाची चित्रं डोळ्यांपुढे येणं, यातलं काय काय होतंय ते एकदा स्वतःसाठी तपासून घ्या. वेगळ्या थेरपिस्टकडे जा, तिच्या नको. तुमचीही मेहुणी गेली होती, आणि माझ्या अंदाजानं तुम्हाला रडायला वेळ मिळाला नाही, कारण तेव्हापासून गाडी तुम्हीच चालवत होता.

आणि तो शेवटचा प्रश्न, ती बरी झाल्यावर काय उरेल.

मी खोटा दिलासा देणार नाही. काही जोडपी अशा उपचारानंतर वेगळी होतात. एकाची काळजी घेणं हाच ज्यांच्यातला एकमेव धागा राहिलेला असतो, त्यांना ती गरज संपल्यावर एकमेकांकडे बघून काय बोलावं ते सुचत नाही. तुमचं तसं आहे की नाही, हे पत्रावरून ठरवता येणार नाही. पण एक खूण मला बरी वाटते. ती तुमच्यावर चिडली. ज्याच्याकडून आता काही नको आहे, त्याच्यावर माणूस सहसा एवढा चिडत नाही.

तिचा हा उपचार पूर्ण होऊ द्या. मग दोघांनी मिळून जाण्याचा विचार करा. पीटीएसडीसाठी जोडप्यानं एकत्र घ्यायचा १५ सेशनचा उपचार वर उल्लेख केलेल्या मॉन्सन आणि फ्रेडमन यांनीच तयार केलाय. २०१२ साली ४० जोडप्यांवर त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आजारी जोडीदाराची लक्षणं कमी झाली आणि नात्याबद्दलचं त्याचं समाधानही वाढलं. त्यात दोघं मिळून टाळलेल्या गोष्टींची यादी करतात आणि त्या गोष्टी दोघं मिळूनच पुन्हा करायला लागतात. नेमका हाच उपचार देणारं कुणी मिळालं नाही, तरी आघातावर काम करणाऱ्या थेरपिस्टना ‘आम्हाला दोघांना बसवाल का?’ असं विचारता येतं.

तोवर तिच्या आत्ताच्या थेरपिस्टकडे एक-दोन सेशन तुम्हालाही बोलावता येईल का, हे तिला विचारा. पुष्कळ थेरपिस्ट घरच्यांना उपचार समजावून सांगायला वेळ देतात. ती ‘नको’ म्हणाली तर हट्ट धरू नका, महिन्याभरानं पुन्हा विचारा. ‘हो’ म्हणाली तर जाताना दोनच गोष्टी विचारायच्या ठरवून जा. कुठली कामं मी करणं थांबवू, आणि कुठली करत राहू? दोन्हींची उत्तरं शक्यतो तिच्या तोंडून येऊ द्या.